दोन फेऱ्यांची गाठ

मागावरचा उभ्या धाग्यांचा जुना ताणा संपला आणि नवा चढायचा असला, की मधला एक दिवस अब्बास मोमीन यांच्या घरी मासेमारीचा असे. ही रीत त्यांच्या वडिलांनी येवल्यात घालून दिली होती, आणि बिऱ्हाड नाशिकला काझीपुऱ्यात आल्यावरही ती मोडली नव्हती. वडील म्हणत, विणकराने वर्षातून दोनदा तरी असा धागा हातात धरावा ज्याच्या दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक नाही.

एकोणीसशे चौतीसच्या कार्तिकात मात्र हा दिवस आला तो घरात कोणाच्याही मनाला उभारी नसताना.

काळ्या चंद्रकळेचा नवा ताणा होता. नवा ताणा मागावर घ्यायचा तर जुन्याच्या उरलेल्या प्रत्येक टोकाला नव्याचा एकेक धागा गाठ मारून जोडावा लागतो. या कामाला सांधणी म्हणतात. दोन हजारांवर गाठी, चार दिवसांची मांडी. अब्बासमियांची पत्नी हयात होती तोवर सांधणी तिची असे. ती गेल्यावर हे काम थोरल्या मुलीकडे, सकीनाकडे आले. सकीनाचा नवरा पटकीने गेला होता आणि तीन वर्षांपूर्वी ती माहेरी परतली होती. आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी ती मागाशी जाऊन बसली. बापाच्या घरी पाहुणी म्हणून राहायचे नाही, एवढे एकच तिने स्वतःशी ठरवले होते, आणि सांधणीमुळे ते तिला साधले होते.

या खेपेला गाठी मारून झाल्या आणि तिचा धाकटा भाऊ इसाक ताणा पुढे ओढू लागला, तेव्हा धागे तटातट तुटले. पुन्हा जोडले, पुन्हा तुटले. तिसऱ्या खेपेला तर शंभरावर. जो तो धागा गाठीच्या आसपासच तुटलेला.

इसाकने त्याच महिन्यात नवी, अधिक बारीक फणी आणली होती. "आपा, तुझी गाठ दोन फेऱ्यांची," तो म्हणाला होता. "जाड होते. या फणीच्या दातांत अडकते आणि धागा तोडते. सगळे एका फेरीची मारतात."

"अम्मीची गाठ आहे ती," सकीना म्हणाली. "गाठ अडकली असती तर गाठीत तुटला असता. हा बाजूला तुटतो आहे. रेशीम जळालं आहे, इसाक. रंगाऱ्यानं काळा रंग चढवायला हिराकस जास्त घातला."

रंगारी नवा होता आणि तो इसाकने निवडला होता. कदाचित म्हणूनच इसाकला ते ऐकून घेववेना. सोमवारपासून सांधणीला गोटीराम येईल, असे त्याने जेवताना सांगून टाकले. गोटीराम हा पेठेतला सांधणी करणारा, हात स्वच्छ, गाठ एका फेरीची. अब्बासमियांनी मान खाली घालून भाकरी मोडली. डोळ्यांत पडदा आल्यापासून ते मागावर बसत नसत, आणि जो मागावर बसत नाही त्याने मागाबद्दल बोलू नये असे त्यांना वाटू लागले होते.

रेशीम जळालं आहे, एवढे सकीना पुन्हा म्हणाली; इसाक जेवत राहिला. मालेगावच्या दिराचा निरोप तिला दोनदा आला होता. घरात बारा माणसे, चुलीशी कोणीतरी हवे. गोटीराम सोमवारी येणार असेल तर आपण सोमवारी मालेगावच्या मोटारीत बसू, हे तिने फक्त भावजयीला, शहनाजला, सांगितले. शहनाजने ते रात्री नवऱ्याच्या कानावर घातले. इसाक कूस बदलून म्हणाला, "मी कुठं तिला जा म्हटलं?"

अशा मनःस्थितीत चौघे शुक्रवारी पहाटेच्या गाडीने इगतपुरीला उतरले.

स्टेशनापासून दोन कोस चढून गेले की डोंगरांच्या ओंजळीत तलाव लागे. चहूकडे उभे कडे, त्यांच्या पायथ्याशी कापणीला आलेल्या भाताची पिवळी खाचरे, आणि मधे काळसर, थंडगार पाणी. धुके अजून पाण्यावरून उठले नव्हते. काठाशी भिकाचे खोपट होते. भिका शेतकरी, जातीने कोळी, अब्बासमियांचा पंधरा वर्षांचा ओळखीचा.

"आलं का विणकर!" तो खाचरातूनच ओरडला. "मला वाटलं यंदा नाशकातच मासं पिकाया लागलं."

"पिकले असते तर तुझं तोंड कशाला बघितलं असतं?" अब्बासमिया म्हणाले.

"बघा की. तेवढंच फुकाट मिळतं हितं."

भिकाची बायको भागीबाई खोपटाच्या दारात नागलीच्या भाकरी थापत होती. तिने शहनाजला हाताने खूण करून चुलीपाशी ओढून घेतले, आणि सकीनाकडे पाहून विचारले, "ही का वं गप?"

"थकली आहे," शहनाज म्हणाली.

मासेमारीची या कुटुंबाची पद्धत येवल्याची होती. तिथे संक्रांतीला पतंग उडवतात तो दोरा ज्या लाकडी फिरकीवर गुंडाळतात तिला आसारी म्हणतात, आणि मोमीनांच्या घरी माशाची दोरीही आसारीवरच असे. एकाने दोरी हातात धरायची, दुसऱ्याने मागे उभे राहून आसारी सांभाळायची. काठी नाही, चाक नाही. पहिल्या आसारीवर दीडशे हात पांढरी दोरी होती. बिनरंगाच्या कच्च्या रेशमाचे पदर पिळून ती सकीनाच्या आईने केली होती. दुसरी आसारी या वर्षी नवी होती. तिच्यावर इसाकने चार दिवस बसून त्याच काळ्या रेशमाचे सोळा पदर एकत्र पिळून शंभर हात दोरी केली होती.

"याच रेशमानं मासा आणून दाखवतो," असे तो घरी म्हणाला होता. पण काठावर पोहोचल्यावर, कुणी काही न सुचवता, त्याने गळ बांधला तो पांढऱ्या दोरीलाच. हे सकीनाने पाहिले. तिने पाहिले आहे हे इसाकनेही पाहिले.

"सकाळी जुनी," तो म्हणाला. "दुपारी नवी लावू."

"लाव की," सकीना म्हणाली.

आमिष अब्बासमिया स्वतः मळत. कणीक, भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, चिमूटभर हिंग. भिकाने मात्र नाक मुरडले.

"त्या वड्याच्या तोंडाशी उंबर हाय. पिकलेलं पाण्यात पडतंय. खडस रोज तिथं येतो. एक उंबर लावा गळाला, काय ते तुमचं अत्तर ठेवा बाजूला."

"हिंग आहे ते."

"मग भाजीत घाला."

खडस म्हणजे डोंगरी पाण्यातला मोठ्या सोनेरी खवल्यांचा, जाड ओठांचा मासा. तो शहाणा आणि ताकदीचा, म्हणून लोक त्याच्याबद्दल आदराने बोलत. दोन तास हिंगाच्या गोळीला काहीच लागले नाही. शेवटी अब्बासमिया भिकाकडे न पाहता म्हणाले, "इसाक, ते उंबर लावून बघ. भिकाचं मन राखायला."

इसाक ओढ्याच्या तोंडाशी एका खडकावर उभा राहिला. शहनाज मागे आसारी धरून. उंबर पाण्यात पडले, एकदा फिरले आणि बुडाले.

ओढ एवढी जोरात आली की इसाक गुडघ्यावर आपटला. दोरी त्याच्या मुठीतून सरसरत निघाली आणि शहनाजच्या हातात आसारी भोवऱ्यासारखी फिरू लागली.

"लागला! अब्बा, लागला!"

"धर!" अब्बासमिया ओरडले. "दाब दे!"

पण इसाकचे हात वयाच्या आठव्या वर्षापासून पतंगाचे होते. येवल्याचा माणूस पेच लागला की ढील देतो. दोरा सोडत राहायचा, समोरच्याला दूर नेत राहायचे, आणि त्यातच जिंकायचे. विचार करायला वेळ नव्हता, तेव्हा हातांनी त्यांना येत होते तेच केले.

"ढील दे, शहनाज! ढील दे!"

"अरे ढील काय देतोस!" अब्बासमिया खडकाकडे धडपडत येत होते. "पतंग आहे का तो? मासा आहे, मासा! तो घेईल तेवढं नेईल!"

"किती उरली?" इसाकने मागे न बघता विचारले.

"पंधरा-वीस वेढे," शहनाज म्हणाली, आणि लगेच, "आता दहा."

इसाकला चूक कळली. त्याने पदराएवढे फडके हाताला गुंडाळून दोरी दाबली, पण मासा आता तलावाच्या मधल्या खोल पाण्याकडे निघाला होता आणि त्याला वळवणे शक्य नव्हते. इसाक खडकावरून पाण्यात उतरला. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. तेवढी आठ-दहा हातांची सवड मिळाली.

"संपली," शहनाज म्हणाली. "आसारीचं लाकूड दिसतंय."

काठावर काळ्या दोरीची आसारी पडली होती. सर्वांची दृष्टी एकाच वेळी तिच्यावर गेली आणि तिथून सकीनाकडे.

त्या क्षणी सकीनाच्या मनात आले ते तिने पुढे शहनाजला सांगितले. दोरी जोडली नाही तर मासा जाणार. जोडली, तर ते काळे रेशीम आज ना उद्या तुटणारच, आणि ते दूर पाण्यात तुटले तर कुठे तुटले ते कोणाला दिसणार नाही. घरी जाऊन सगळे म्हणतील, गाठ सुटली. सोमवार आणखी पक्का होईल. तिला नुसते उभे राहता आले असते. कोणी तिला दोष दिला नसता.

"आपा!" इसाक पाण्यातून ओरडला. त्याच्या आवाजात हुकूम नव्हता. "आपा, जोड!"

सकीना पदर खोचून पाण्यात उतरली. तिने आसारीवरचे पांढरे टोक दातांनी तोडले. काळ्या दोरीचे टोक जिभेवर ओले केले, पांढऱ्याचा वळसा केला, काळे आतून घेतले, एकदा भोवती फिरवले. इथे कोणतीही सांधणारीण थांबली असती. सकीनाने ते दुसऱ्यांदा फिरवले, खालून घेतले आणि नखाने दाबून ओढले. अब्बासमियांनी नंतर शपथेवर सांगितले की एवढ्या वेळात माणसाचे दोन श्वास होतात.

"सोड," ती म्हणाली.

इसाकने मूठ सैल केली. गाठ त्याच्या बोटांमधून निसटून पाण्यावर टपकन पडली आणि पाण्याखाली गेली. तिच्या मागे काळी दोरी.

"आता ढील नाही," अब्बासमिया पाण्याच्या काठाशी येऊन म्हणाले. त्यांना दोरी दिसत नव्हती, पण मुलाचे खांदे दिसत होते. "तो ओढेल तेव्हा जड हातानं दे. थांबला की घे. ताण्यासारखा ठेव, इसाक. सैल नको, करकचून नको. ताणा कसा ठेवतोस?"

हे मात्र इसाकला कळले. त्याचे खांदे खाली आले. मासा साठ हात काळी दोरी घेऊन गेला आणि थांबला. मग एकेक हात परत येऊ लागला. भिका कापणी टाकून आला होता, त्याच्या मागे विळा हातात घेऊन भागीबाई, आणि दोघे काठाने इकडून तिकडे फिरत सल्ले देत होते.

"लय मोठा हाय त्यो! दोन बैल लावलं तरी हलायचा नाय!"

"तुम्ही गप ऱ्हावा वं," भागीबाई म्हणाली. "त्याला ऐकू जातंय."

ऊन कड्यावरून खाली आले, धुके विरून गेले. मासा दोनदा पुन्हा पळाला आणि दोनदा परत आला. तासाभराने काळी दोरी जवळजवळ सगळी आसारीवर आली, आणि काठापासून दहा-बारा हातांवर पाण्याबाहेर काहीतरी चमकले. काळ्याला लागून पांढरे.

"गाठ!" शहनाज ओरडली. "आपा, गाठ आहे! तशीच आहे!"

इसाकने ती पाहिली. तासभर त्या गाठीने जे सोसले होते ते त्याच्या तळहाताने सोसले होते, त्यामुळे इतर कोणाहीपेक्षा त्याला ते अधिक कळले. तो काही बोलणार होता. तेवढ्यात माशाने शेपटी मारली, दोरी झटक्यासरशी ताणली गेली, आणि काळे रेशीम सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, उन्हात, तुटले.

गाठीच्या अलीकडे तुटले. चार बोटे अलीकडे.

इसाक तोल जाऊन मागे पाण्यात बसला. पांढरी दोरी मोकळी झाली आणि पुढे सरकू लागली. कोणी ओरडण्याआधी सकीनाने पाण्यात झेप घेतली. ती छातीपर्यंत बुडाली, तिच्या हाताला दोरी लागली, ओली, बुळबुळीत, मुठीतून निसटणारी. शेवटी गाठ तिच्या बोटांपाशी आली आणि अडली. दोन फेऱ्यांची, जाड, अडकणारी गाठ. सकीनाने त्या गाठीच्या मागे मूठ आवळली आणि पाय रोवले.

"धरली," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "धरली मी."

"दे, आपा, माझ्याकडे दे," इसाक उठत म्हणाला.

"नाही. तू ढील देशील."

भिका इतका मोठ्याने हसला की कड्यावरून त्याचे हसू परत आले. इसाकही हसला, डोक्यावरून पाणी निथळत, आणि तिच्या पाठीशी उभा राहून त्याने तिच्या कमरेला हाताचा आधार दिला.

पुढचे दीडशे हात सकीनाने आणले, एका मुठीत गाठ तशीच आवळून, त्याच हातावर दोरी गुंडाळत. तिला मासेमारी येत नव्हती. तिला फक्त धागा येत होता. तो कुठवर ताणतो, तुटण्याआधी कसा थरथरतो, ते तिच्या बोटांना ठाऊक होते, आणि दोरी तशी थरथरू लागली की ती पाऊलभर पुढे जाई, थरथर थांबली की पाऊलभर मागे येई. मधे एकदा मासा तळाशी दगडासारखा बसला. इसाक म्हणाला, हिसका मार. सकीनाने हिसका मारला नाही. तिने दोरीवर बोटाने टिचकी मारली, मागावर धागा अडकला की मारतात तशी, हलकेच, पुन्हा पुन्हा. मासा उठला.

आणि मग तो दिसला. उथळ पाण्यात आडवा झालेला, सोनेरी खवले रुपयाएवढे, लालसर पर. भिकाने आणि इसाकने दोन्ही बाजूंनी कव घालून त्याला गवतावर आणले. भिकाच्या मते तो अर्धा मण होता. अब्बासमियांनी हाताने चाचपून पंधरा शेर ठरवला, आणि तेही थोडे नव्हते.

सकीना गवतावर बसली. तिचे तळहात दोन जागी कापले होते आणि मूठ उघडत नव्हती. शहनाजने एकेक बोट सोडवले. आत गाठ होती, आणि गाठीला चार बोटे काळ्या रेशमाचे शेपूट.

अब्बासमियांनी ते मागून घेतले. त्यांनी गाठ पाहिली नाही. दिसलीही नसती. त्यांनी काळ्या शेपटाचे तुटलेले टोक जिभेवर ठेवले आणि थोडा वेळ डोळे मिटले.

"तुरट," ते म्हणाले. "हिराकस. नुसता हिराकस." मग, मुलाकडे तोंड करून, "हे मला त्याच दिवशी करता आलं असतं. जीभ काही आंधळी झालेली नाही माझी. मी बसून राहिलो."

इसाक ओले फडके पिळत होता. ते कोरडे झाले तरी तो पिळत राहिला.

"आपा," तो शेवटी म्हणाला, "रंगाऱ्याला मी निवडलं होतं. चूक त्याची म्हटली की माझी होत होती."

"माहीत होतं मला."

"माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तू जेवत होतास."

शहनाजने तोंड फिरवून हसू दाबले. इसाकचा चेहरा तांबडा झाला, पण त्याने मान हलवली. "गोटीरामला उद्याच सांगून येतो, नको म्हणून. तुला परत बसायचं असेल तर."

सकीना तलावाकडे पाहत राहिली. मालेगावची चूल, बारा माणसे, सोमवारची मोटार, हे सगळे तिने गेल्या चार दिवसांत इतक्या वेळा मनात मांडले होते की ते मोडायला तिला थोडा वेळ लागला.

"बसेन," ती म्हणाली. "पण यापुढं रंगवलेलं रेशीम आधी माझ्या हातात येईल. मी हो म्हटलं तरच मागावर चढेल. आणि हा काळा ताणा चढणार नाही."

"सगळा?"

"सगळा. ती चंद्रकळा पहिल्या धुण्यात फाटेल, आणि नेसणारीला वाटेल आपलंच नशीब."

इसाकने वडिलांकडे पाहिले. अब्बासमिया म्हणाले, "मला काय विचारतोस? जी मागावर बसते तिला विचार."

"कबूल," इसाक म्हणाला.

तेव्हा भागीबाईने सगळ्यांना हाका मारल्या. शेपटीकडचा तुकडा तिने तिथल्या तिथे निखाऱ्यावर भाजला, लाल मिरची आणि मीठ लावून, आणि नागलीच्या भाकरीवर वाढला. सकीनाला घास घेता येईना, हात सुजले होते. शहनाजने तिला भरवले आणि भागीबाई शेजारी बसून तिच्या तळहातांना तेल लावत राहिली.

"सकाळी तू गप व्हतीस," भागीबाई म्हणाली. "आता का हसतीस?"

"थकले आहे," सकीना म्हणाली, आणि पुन्हा हसली.

उतरणीला लागताना मासा बांबूला बांधला होता. पुढचे टोक इसाकच्या खांद्यावर, मागचे भिकाच्या. वाटेवरच्या खाचरांतून कापणारी माणसे उभी राहून पाहत. इगतपुरीच्या फलाटावर तर गर्दीच झाली. इंजिनांच्या शेडमधले कामगार, हमाल, एक टोपीवाला तिकीट तपासणारा, सगळे वाकून खवले मोजू लागले.

"कुणी धरला हा?" टोपीवाल्याने इसाकला विचारले.

"आमच्या आपानं," इसाक म्हणाला.

लोकांनी वळून पाहिले. एरवी अशा वेळी सकीना शहनाजच्या आड झाली असती. तिने पट्टी बांधलेले हात पदराबाहेर तसेच राहू दिले.

"गळाला यानं लावला," ती म्हणाली. "बाहेर मी काढला."

गाडी आली. मासा बाकाखाली मावेना, म्हणून तो डब्याच्या मधल्या वाटेत लांबच्या लांब ठेवला, आणि नाशिक येईपर्यंत चढणारा-उतरणारा प्रत्येक जण त्याला ओलांडून जाताना विचारत राहिला, आणि प्रत्येकाला सकीनाच सांगत राहिली.